सुकवण्यापासून धुण्यापर्यंत : मुंबईतील ओल्या यंत्रांच्या दुरुस्तीचा इतिहास

पाणी, चहा किंवा पुराचे पाणी आत शिरल्याने बंद पडलेल्या लॅपटॉपचा दोष शोधून तो पुन्हा चालू करणे हे दक्षिण आणि मध्य मुंबईतील दुरुस्तीच्या धंद्याचे आज एक महत्त्वाचे अंग आहे. गिरगावच्या शेजारचा लॅमिंग्टन रोड हे या धंद्याचे मुख्य ठाणे. दादर, परळ, लालबाग इथल्या गल्ल्यांतील लहान दुकाने त्याच बाजारातून सुटे भाग आणून हे काम करतात. धंदा नवा वाटला तरी त्यामागचे ज्ञान लॅपटॉप येण्याच्या कितीतरी आधीपासून साठत आलेले आहे. व्हॉल्व्हचे रेडिओ, ट्रान्झिस्टर, दूरचित्रवाणी संच आणि डेस्कटॉप संगणक यांतल्या प्रत्येक यंत्राने मुंबईच्या कारागिराला ओलाव्याबद्दल काही ना काही शिकवले. या सगळ्या काळात एक मूलभूत बदल घडला. ओले झालेले यंत्र सुकवावे, ही जुनी रीत मागे पडली आणि ते आधी धुवावे, मग सुकवावे, ही रीत रूढ झाली. या बदलाची कारणे शहराच्या हवेत आहेत, तशीच यंत्रांच्या घडणीतही आहेत.

हवा, मीठ आणि सखल जमीन

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार ती वाहून नेतात. नळाच्या पाण्यात क्षार थोडे असतात, समुद्राच्या पाण्यात ते वजनाच्या साधारण साडेतीन टक्के असतात. म्हणून समुद्राचे पाणी नळाच्या पाण्याच्या शेकडो पट वीजवाहक ठरते. यंत्रात गेलेले पाणी उडून जाते, पण क्षार मागे राहतात, आणि पुढचे नुकसान ते करतात.

मुंबईत या क्षारांना हवेची साथ मिळते. साधे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून घेते आणि पाझरू लागते. पावसाळ्यात कुलाब्याची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. याचा अर्थ असा, की बोर्डावर राहिलेला मिठाचा थर जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुरता सुकतच नाही. कोरड्या हवेच्या गावात सांडलेले पाणी सुकून यंत्र वर्षभर टिकू शकते. तेच यंत्र गिरगावात किंवा वरळीत एका पावसाळ्यात आतून खाल्ले जाते.

जमिनीचा आकारही या कथेचा भाग आहे. मुंबईच्या बेटांमधल्या खाड्या आणि दलदली भरून आजचे सलग शहर तयार झाले. महालक्ष्मीजवळची मोठी खिंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या काळात बांध घालून बंद करण्यात आली आणि त्यामागची सखल जमीन हळूहळू वस्तीखाली आली. परळ आणि दादर यांच्यामध्ये असलेला हिंदमाताचा भाग असाच बशीसारखा खोलगट आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी समुद्रात जात नाही. ते रस्त्यावर साचते आणि तळमजल्यावरच्या घरांत, दुकानांत शिरते. त्या पाण्यात सांडपाणी आणि काही वेळा खारे पाणीही मिसळलेले असते.

व्हॉल्व्हच्या रेडिओचा काळ

१९२३ साली मुंबईत रेडिओ क्लबने हौशी प्रसारण सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने प्रसारण आपल्याकडे घेतले आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. श्रोते वाढले तसे रेडिओ दुरुस्त करणारेही वाढले.

दुरुस्तीला सुटे भाग लागतात. ते मिळण्याची जागा म्हणून लॅमिंग्टन रोडचे नाव झाले. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता ऑपेरा हाउसच्या बाजूने निघून ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडून मुंबई सेंट्रलकडे जातो. आता त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. नाझ, मिनर्व्हा, स्वस्तिक, इम्पीरियल अशी चित्रपटगृहे आणि चित्रपट वितरकांची कार्यालये या रस्त्यावर होती. ध्वनिवर्धक, कर्णे, तारा, व्हॉल्व्ह यांना इथे गिऱ्हाईक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेली संदेशवहनाची यंत्रेही बाजारात आली आणि हौशी रेडिओचालकांनी ती खोलून, जोडून वापरली. युद्धात दमट प्रदेशांसाठी बनवलेल्या अशा यंत्रांच्या जोडण्यांवर बुरशी आणि ओलावा रोखणाऱ्या वार्निशाचा थर दिलेला असे. बोर्डावर संरक्षक लेप देण्याची आजची पद्धत तिथूनच आली आहे.

व्हॉल्व्हच्या संचात २५० व्होल्टच्या आसपासचा दाब असे, पण जोडण्या मोकळ्या असत. दोन टोकांमध्ये बोटभर जागा राही. संच चालू असताना व्हॉल्व्हच्या उष्णतेने आतली हवा कोरडी राहत असे. बंद पडून राहिलेल्या संचात मात्र ओल शिरे. ती पहिल्यांदा मेणात बुडवलेल्या कागदी कपॅसिटरमध्ये जाई. असा कपॅसिटर थोडी वीज गळू देऊ लागला की शेवटच्या व्हॉल्व्हवर चुकीचा दाब येई, व्हॉल्व्ह तापे, आवाज फाटे. कारागीर संच उघडून आत पेटता बल्ब ठेवी किंवा उन्हात तापवी, गळका कपॅसिटर बदली आणि काम संपे. त्या घडणीच्या यंत्रात सुकवणे पुरेसे होते, कारण जोडण्यांमधल्या रुंद जागेत थोड्याशा क्षाराने फरक पडत नव्हता.

याच काळात दोष शोधण्याचे मुख्य हत्यार कारागिराच्या हाती आले. दाब, प्रवाह आणि रोध मोजणारा एकच मीटर इंग्लंडमध्ये १९२३ साली ‘एव्हो’ या नावाने निघाला. मुंबईत ‘शिकागो रेडिओ’ या नावाने सभांचे ध्वनिक्षेपक पुरवणारे मोटवाने घराणे पुढे असे मीटर बनवण्यातही आले आणि महाराष्ट्रातल्या अनेक प्रयोगशाळांत ‘मोटवाने’ मीटर दिसू लागला. मीटरमुळे अंदाज मागे पडला आणि मोजून ठरवण्याची शिस्त लागली.

ट्रान्झिस्टर, दूरचित्रवाणी आणि शिकण्याच्या जागा

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पुढच्या दोन दशकांत तो मुंबईच्या चाळींतल्या खिडक्यांवर वाजू लागला. ट्रान्झिस्टर रेडिओ छापील बोर्डावर बांधलेला आणि कोरड्या सेलवर चालणारा होता. सेल वापरून संपला, की त्याचे जस्ताचे कवच आतल्या रसायनाने खाल्ले जाई आणि क्षारयुक्त द्रव बाहेर येई. स्प्रिंगवर हिरवा-पांढरा थर चढे आणि तो द्रव बोर्डावरच्या तांब्यापर्यंत पोहोचे. इथे बल्बची ऊब कामाला येत नव्हती. द्रव सुकला तरी क्षार पावसाळ्यात पुन्हा ओले होत आणि तांबे खात राहत. थर खरवडणे, ओल्या कापडाने पुसणे, स्पिरिटने धुणे आणि तुटलेल्या रेषेवर तार टाकून कथिलाने जोडणे हा उपाय होता. आज लॅपटॉपच्या बोर्डावर सूक्ष्मदर्शकाखाली जे केले जाते, त्याचे हे पहिले रूप होय.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. दूरचित्रवाणी संचाच्या चित्रनळीला कृष्णधवल संचात दहा हजारांहून अधिक आणि १९८२ नंतर आलेल्या रंगीत संचात २० ते २५ हजार व्होल्टचा दाब लागे. समुद्राकडच्या घरांत नळीच्या रबरी टोपीभोवती धूळ आणि मीठ साचे. पावसाळ्यात त्यातून वीज झिरपू लागली की संचामागून सूं असा आवाज, निळ्या ठिणग्या आणि ओझोनचा उग्र वास येई. कारागीर साठलेली वीज जमिनीला देऊन टोपी काढी, काच आणि रबर स्पिरिटने स्वच्छ करी आणि सिलिकॉनचे वंगण लावून टोपी परत बसवी. मीठ काढल्याशिवाय ठिणगी थांबत नाही, हे ज्ञान या कामातून पक्के झाले.

हे ज्ञान देण्याच्या जागाही गिरणगावात आणि दादरमध्ये होत्या. १९५० साली देशात कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्यापैकी एक परळजवळ ना. म. जोशी मार्गावर आहे. १९६१ साली मनोहर जोशी यांनी दादरमध्ये कोहिनूर तांत्रिक संस्था काढली. वीजतंत्री, नळकामगार, रेडिओ आणि टीव्ही दुरुस्ती असे हाताला काम देणारे अभ्यासक्रम तिथे मराठी तरुणांना घेता आले. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि लालबाग-परळच्या घरांतील पुढच्या पिढीला गिरणीचा दरवाजा उरला नाही. अशा घरांसाठी दुरुस्तीचे कसब हा थोड्या भांडवलात उभा राहणारा रोजगार होता. एक टेबल, एक मीटर, डाख देण्यासाठी एक सोल्डरिंग आयर्न आणि लॅमिंग्टन रोडवरची उधारी एवढ्यावर दुकान सुरू होऊ शके.

संगणकाचा बाजार

मुंबईत संगणक आधी संशोधन संस्थांत आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली कामाला लागला. बाजारात संगणक यायला आणखी पाव शतक जावे लागले. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची बंधने सैल केली, १९९१ च्या उदारीकरणाने ती आणखी कमी झाली आणि १९९७ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भाग घेतल्यावर संगणकाच्या भागांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. लॅमिंग्टन रोडवरच्या रेडिओ आणि टीव्हीच्या भागांच्या दुकानांत मदरबोर्ड, मेमरी, हार्ड डिस्क मिळू लागल्या. निवडून घेतलेले भाग जोडून तयार केलेला ‘असेंबल’ संगणक ही या रस्त्याची ओळख झाली.

या काळात द्रवाने होणारा बिघाड हा मोठा धंदा नव्हता. डेस्कटॉपचा कीबोर्ड वेगळा असतो. त्याच्यावर चहा सांडला तर तो उलटा करून ठेवायचा, नाही चालला तर नवा घ्यायचा. मदरबोर्ड पेटीत सुरक्षित असे. दुरुस्तीही बहुतेक भाग बदलून होई, आणि बोर्डावरचा एकेक भाग शोधून बदलणारे थोडे होते. पहिल्या पद्धतीला कार्ड लेव्हल आणि दुसरीला चिप लेव्हल असे बाजारात म्हणतात. लॅपटॉपने हे गणित उलटे केले.

लॅपटॉप वेगळा का ठरला

१९८५ साली तोशिबाचा टी-११०० आला, १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, १९९२ मध्ये आयबीएमचा थिंकपॅड निघाला. नव्या शतकात किमती उतरल्या आणि लॅपटॉप मध्यमवर्गीय घरांत शिरला. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर कार्यालय आणि शाळा दोन्ही जेवणाच्या टेबलावर आल्या आणि चहाचा कप व लॅपटॉप एका हाताच्या अंतरावर बसले.

लॅपटॉपचा धोका त्याच्या घडणीत आहे. कीबोर्ड थेट मदरबोर्डाच्या डोक्यावर बसवलेला असतो. सांडलेला द्रव कळांमधून खाली बोर्डावर उतरतो. काही कंपन्यांनी कीबोर्डाखाली पन्हळ आणि निचऱ्याची भोके ठेवली, पण अनेक यंत्रांत ही सोय नाही. दुसरे म्हणजे बॅटरी आतच असते. यंत्र बंद केले तरी चार्जिंगच्या भागात, सुरू करण्याच्या कळेच्या भागात आणि नियंत्रक चिपमध्ये वीज असते.

तिसरे कारण अंतराचे आहे. व्हॉल्व्हच्या संचात २५० व्होल्ट आणि सेंटिमीटरभर अंतर असे, म्हणजे दर मिलिमीटरला २५ व्होल्ट. लॅपटॉपमध्ये चार्जरचा १९ व्होल्टचा दाब आणि शेजारची रेषा यांत अर्धा मिलिमीटर अंतर असू शकते, म्हणजे दर मिलिमीटरला ३८ व्होल्ट. दाब तेरा पटींनी उतरला, तरी दोन टोकांमधला ताण वाढला. या ताणाखाली क्षारयुक्त थेंबात विद्युत विघटन सुरू होते. धन टोकाचे तांबे विरघळते आणि ऋण टोकाकडे सरकून तिथे झाडाच्या फांद्यांसारखे साठत जाते. या फांद्या दोन रेषा जोडतात तेव्हा शॉर्ट होतो. तांबे विरघळून संपते तेव्हा रेषा तुटते. पहिला बिघाड मिनिटांत होऊ शकतो, दुसऱ्याला आठवडे किंवा महिने लागतात. म्हणून पाणी सांडूनही चालू राहिलेला लॅपटॉप पुढच्या पावसाळ्यात अचानक बंद पडतो आणि मालकाला सांडलेल्या पाण्याची आठवणही राहिलेली नसते.

निदानाची रीत

दुकानात आलेल्या यंत्राबद्दल आधी विचारपूस होते. काय सांडले, कधी सांडले, कुठल्या बाजूने सांडले आणि त्यानंतर यंत्र सुरू केले का, हे चार प्रश्न नेहमीचे. नळाचे पाणी, दूधसाखरेचा चहा, शीतपेय आणि पुराचे पाणी यांचे परिणाम वेगळे असतात. सांडल्यानंतर चार्जर लावून पाहिलेल्या यंत्रात जळालेले भाग सापडण्याची शक्यता बरीच वाढते. घरच्या माणसाने त्या क्षणी करायचे काम सोपे आहे: चार्जर काढणे, यंत्र बंद करणे, कीबोर्ड खाली राहील असे उलटे ठेवणे आणि पुन्हा सुरू करून न पाहता दुकान गाठणे. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने क्षार निघत नाहीत आणि मोलाचे तास वाया जातात.

दुकानात पहिली कृती म्हणजे तळाचे झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवणे. मग बोर्ड बाहेर काढून दोन्ही बाजूंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. पांढरी पूड क्षार दाखवते, हिरवा-निळा थर खाल्लेले तांबे, तपकिरी चिकट डाग साखर आणि काळा डाग जळालेली जागा दाखवतो. द्रव केशाकर्षणाने चिपांखाली आणि धातूच्या झाकणांखाली ओढला जातो, त्यामुळे झाकणे काढून पाहावे लागते. पडद्याच्या केबलचा जोड विशेष तपासला जातो. तिथे पडद्यामागच्या दिव्यांची उंच दाबाची पिन चित्राचा संदेश नेणाऱ्या नाजूक पिनांच्या जवळ असते. तिथली गळती थेट प्रोसेसरपर्यंत जाऊन बोर्ड कायमचा निकामी करू शकते.

पाहणीनंतर मोजणी होते. मीटर डायोड मोडवर ठेवून मुख्य वीजरेषांचे आकडे घेतले जातात आणि त्याच मॉडेलच्या चांगल्या बोर्डाच्या आकड्यांशी पडताळले जातात. इथे अनुभव लागतो. प्रोसेसरला वीज देणाऱ्या रेषेचा रोध चांगल्या बोर्डातही फार कमी असतो. नवशिका त्याला शॉर्ट समजून चांगली चिप उपटतो. चार्जरच्या किंवा ३.३ आणि ५ व्होल्टच्या रेषेवर रोध शून्याजवळ असेल तर मात्र तो खरा दोष असतो.

शॉर्ट नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी प्रवाहाला मर्यादा घालता येणाऱ्या वीजपुरवठ्यातून त्या रेषेला साधारण एक व्होल्टचा दाब दिला जातो. दोषी भाग तापतो. बोर्डावर अल्कोहोल शिंपडले तर तापलेल्या जागी ते आधी उडते. राळेच्या धुराचा पातळ पांढरा थर दिला तर तापलेल्या भागावरचा थर वितळतो. उष्णता दाखवणारा कॅमेरा आता अनेक दुकानांत आला आहे. पुष्कळदा दोषी निघतो तो तांदळाच्या दाण्याहून लहान कपॅसिटर.

शॉर्ट नसेल तर वीज कुठपर्यंत पोहोचते हे क्रमाने पाहिले जाते. चार्जरचा जोड, चार्जिंगची चिप, सदैव चालू राहणाऱ्या ३.३ आणि ५ व्होल्टच्या रेषा, सुरू करण्याच्या कळेचा इशारा, मग मेमरी आणि प्रोसेसरच्या रेषा, असा तो क्रम. ज्या पायरीवर साखळी तुटते, दोष तिथे किंवा तिच्या एक पायरी आधी असतो. व्हॉल्व्हच्या रेडिओत वीजपुरवठ्यापासून कर्ण्यापर्यंत टप्प्याटप्प्याने जाण्याची जी रीत होती, तीच ही रीत आहे.

धुणे आणि जोडणे

धुण्याच्या द्रवांचाही इतिहास आहे. विसाव्या शतकात इलेक्ट्रॉनिक यंत्रे धुण्यासाठी जगभर क्लोरिनयुक्त द्रावणे वापरली जात. ती चटकन उडत आणि जळत नसत, पण ओझोनच्या थराला घातक ठरली. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यांच्यावर बंधने आली, भारत त्या करारात १९९२ साली सामील झाला आणि २०१० पर्यंत कार्बन टेट्राक्लोराइडसारखी द्रावणे या वापरातून गेली. त्यांची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने घेतली. कारागिरांच्या तोंडी त्याचे नाव आयपीए.

आयपीए पाणी हटवते आणि लवकर उडते, पण साखर त्यात जवळजवळ विरघळत नाही. मुंबईत लॅपटॉपवर सांडणारा द्रव बहुधा दूधसाखरेचा चहा असल्याने ही गोष्ट महत्त्वाची ठरते. नुसत्या आयपीएने पुसलेला बोर्ड वरून चकचकीत दिसतो आणि चिपांखाली साखर तशीच राहते. म्हणून जाणता कारागीर आधी क्षाररहित पाण्याने आणि योग्य साबणाने बोर्ड धुतो. त्यासाठी ध्वनिलहरींनी हलवणारी अल्ट्रासॉनिक टाकी वापरतात. सेकंदाला साधारण ४० हजार कंपनांच्या लहरी चिपांखालच्या फटीत सूक्ष्म बुडबुडे निर्माण करतात आणि मळ सुटतो. त्यानंतर पुन्हा क्षाररहित पाणी, मग आयपीए, आणि शेवटी ६० ते ७० अंश सेल्सिअस उष्णतेत काही तास सुकवणे. सुकवण्याची जुनी पायरी अशी टिकून राहिली आहे, पण ती आता शेवटी येते.

धुतल्यावर जोडण्याचे काम. खाल्लेली रेषा सापडली की तिच्यावरचा हिरवा लेप खरवडून केसासारखी बारीक, लेप दिलेली तांब्याची तार टाकली जाते आणि वरून संरक्षक लेप देऊन तो अतिनील प्रकाशात घट्ट केला जातो. जळालेला कपॅसिटर, मॉसफेट किंवा चार्जिंगची चिप गरम हवेने उचलून बदलली जाते. १ जुलै २००६ पासून युरोपात शिसेविरहित डाख बंधनकारक झाला आणि जगभरच्या कंपन्यांनी तो स्वीकारला. जुना कथील-शिशाचा डाख १८३ अंशांना वितळे, नवा साधारण २१७ अंशांना वितळतो. त्यामुळे बोर्ड खालून आधी तापवून घ्यावा लागतो, नाहीतर एका जागी जास्त उष्णता बसून आतले थर सुटतात.

पुराची वर्षे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर. त्या दिवशीचा मोठा तडाखा उपनगरांना बसला. २९ ऑगस्ट २०१७ ला परळ आणि दादर पाण्यात गेले. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला २४ तासांत ३३१.८ मिलिमीटर पाऊस झाला, वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला आणि जिथे सहसा पाणी साचत नाही त्या गिरगाव चौपाटीच्या परिसरातही पाणी भरले.

पुराचे पाणी चहाहून वाईट असते. त्यात क्षार, गाळ आणि सांडपाणी असते, आणि यंत्र त्यात तासन्तास बुडून राहते. अशा यंत्रांत बॅटरीचा धोकाही असतो. पाणी शिरलेली लिथियम बॅटरी फुगू किंवा पेट घेऊ शकते, म्हणून ती दुरुस्त न करता वेगळी काढून टाकावी लागते. महापालिकेने वरळीला लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर, तर रे रोडला ब्रिटानिया इथे उदंचन केंद्रे बांधली. हिंदमाताचे पाणी साठवण्यासाठी दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली टाक्या केल्या. पाणी साचण्याचे तास त्यामुळे कमी झाले, पण सखल जमीन आणि भरती यांचे नाते कायम आहे.

सुटे भाग, नकाशे आणि हक्क

चिप लेव्हल दुरुस्ती दोन गोष्टींवर उभी आहे: भाग आणि नकाशा. नव्या बोर्डांतल्या अनेक चिप उत्पादक कंपन्या खुल्या बाजारात विकत नाहीत. त्या जुन्या, निकामी बोर्डांवरून काढाव्या लागतात. असे बोर्ड लॅमिंग्टन रोडवर आणि जवळच्या चोर बाजारात फिरत असतात. पडदा फुटलेल्या एका लॅपटॉपचा बोर्ड दुसऱ्या पाच बोर्डांना चिप पुरवतो. नकाशा म्हणजे बोर्डाचे स्कीमॅटिक आणि प्रत्येक भागाची जागा दाखवणारी बोर्डव्ह्यू फाइल. जुन्या रेडिओच्या पाठीवर अनेकदा मंडलाची आकृती चिकटवलेली असे. लॅपटॉपच्या कंपन्या ती गुप्त ठेवतात आणि कारागिरांना ती एकमेकांकडून मिळवावी लागते. २०१० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमधील लुई रॉसमन यांच्यासारख्या कारागिरांनी बोर्डदुरुस्तीचे व्हिडिओ खुले केले. गुरूच्या शेजारी बसून शिकण्याच्या जोडीला हा दुसरा मार्ग आला.

नेहमीच्या वॉरंटीत द्रवाने झालेला बिघाड बसत नाही. अधिकृत सेवा केंद्रात बहुधा पूर्ण बोर्ड बदलला जातो आणि त्याची किंमत नव्या यंत्राच्या जवळ जाते. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये साठवणुकीच्या चिप बोर्डावरच जोडलेल्या असतात आणि त्यातली माहिती कूटबद्ध असते. बोर्ड बदलला की प्रबंध, हिशोब, छायाचित्रे सगळे जाते. अशा वेळी तो मूळ बोर्ड तासाभरापुरता जिवंत करणे हाच माहिती वाचवण्याचा मार्ग असतो, आणि ते काम चिप लेव्हल कारागीरच करतो. या कसबाचे सामाजिक मोल इथे स्पष्ट दिसते.

कायद्याने या धंद्याकडे उशिरा पाहिले. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली जाहीर होऊन १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यानंतर २०१६ आणि २०२२ मध्ये नवे नियम आले. २०२२ साली केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. नकाशे आणि सुटे भाग उत्पादकाने स्वतंत्र कारागिराला द्यावेत, ही मागणी त्यामागे आहे. ती पूर्ण झाली तर लालबागच्या एका टेबलाच्या दुकानाला सर्वांत जास्त लाभ होईल.

कामाच्या मर्यादा

प्रत्येक बोर्ड वाचत नाही. प्रोसेसरला उंच दाबाचा धक्का बसला असेल, बोर्डाच्या आतल्या थरांत तांबे खाल्ले गेले असेल किंवा खाऱ्या पाण्यात दिवसभर बुडालेले यंत्र कित्येक आठवड्यांनी दुकानात आले असेल, तर खर्च आणि टिकाऊपणा यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी माहिती काढून देणे, चालणारे भाग वेगळे करणे आणि उरलेला बोर्ड नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे पाठवणे हे योग्य काम ठरते. वाचलेल्या बोर्डालाही जाणता कारागीर कमी मुदतीची हमी देतो आणि त्याचे कारण गिऱ्हाइकाला सांगतो: चिपांखाली राहिलेला क्षाराचा कण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ओला होऊ शकतो. ज्या यंत्राची बॅटरी पहिल्या तासात सोडवली आणि बोर्ड पहिल्या दिवसात धुतला, त्याच्या वाचण्याची आशा सर्वांत जास्त असते.